भाकड शब्दांचा गोठा

यादी म्हटली की माझ्या पोटात गोळा येतो. वाण्याची यादी केली तर हिंग राहतो. लग्नाच्या आमंत्रणांची केली तर नेमका सख्खा मावसभाऊ राहतो आणि तो पुढे पंधरा वर्षं बोलत नाही. प्रवासाच्या सामानाची केली तर सामान सगळं येतं, पण यादीच घरी राहते आणि परतताना काय काय आणलं होतं ते कळायला मार्ग उरत नाही. आमच्या हिचं म्हणणं असं, की हा दोष यादीचा नसून यादी करणाऱ्याचा आहे. असेलही. पण जगातली कुठलीच यादी पुरी होत नाही हे ज्ञान मला वयाच्या सातव्या वर्षीच झालं होतं, आणि ते देणारे गुरू चार पायांचे होते.

आम्ही आरे कॉलनीतले. 'मूळचे' म्हणत नाही, कारण इथले मूळचे म्हणजे पाड्यांवरचे वारली. आम्ही म्हशींच्या मागून आलेले. मुंबईच्या भर वस्तीतले गोठे शहराबाहेर हलवायचे म्हणून दारा खुरोडींच्या पुढाकाराने ही वसाहत उभी राहिली आणि १९५१ साली पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. गोरेगावच्या पूर्वेला सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, गुरांची ३२ युनिटं आणि १६,००० गुरांची सोय. अशा एका युनिटात आमचे वडील एका गोठेवाल्याकडे हिशेबनीस होते. 'म्हशी किती?' या साध्या प्रश्नाचं उत्तर रोज सकाळी वहीत लिहायचं, हे त्यांचं काम.

ऐकायला सोपं वाटतं. पण रात्री एक व्यायलेली असायची. तिचं रेडकू म्हैस धरायचं की नाही? दोन आटलेल्या असायच्या. त्या दावणीला आहेत, वैरण खातात, पण दूध देत नाहीत. त्यांना मोजायचं की नाही? एक विकली गेलेली, पण अजून टेंपो न आल्यामुळे जागेवरच उभी. एक विकत घेतलेली, पण अजून वाटेतच. वडील पहिल्या टोकापासून मोजत शेवटच्या टोकाला जात, तोवर पहिल्या टोकाला काहीतरी झालेलं असे. शेवटी ते वहीत आकडा टाकत आणि मला म्हणत, "मोजणारा थांबतो रे, गोठा थांबत नाही."

हे वाक्य मला पासष्टएक वर्षांनी कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नातवाने कॉम्प्युटरवर एक खेळ बनवायला घेतला. (मी 'संगणक' म्हटलं की नातू हसतो आणि 'कॉम्प्युटर' म्हटलं की शेजारचे निवृत्त मास्तर रागावतात. त्यामुळे समोर कोण बसलंय ते बघून मी शब्द काढतो.) खेळ असा, की पडद्यावर सात इंग्रजी अक्षरं येणार, खेळणाऱ्याने त्यांतून शब्द जुळवायचा आणि तो शब्द खरा की खोटा हे यंत्राने सांगायचं. बाकी सगळं झालं होतं. फक्त यंत्राला इंग्रजी येत नव्हतं.

"आजोबा," नातू म्हणाला, "मला इंग्रजीतल्या झाडून सगळ्या शब्दांची यादी पाहिजे. तुम्ही घरीच असता ना?"

निवृत्त माणसाला 'तुम्ही घरीच असता ना' हे वाक्य म्हणजे समन्सच. मी कपाटावरून वीरकरांची डिक्शनरी काढली. हिने ती गेली दहा वर्षं डगमगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली दिली होती. तिथून सुटका होऊन कपाटावर चढेपर्यंत तिची सुरुवातीची चाळीसेक पानं कुठेतरी गळाली होती. आमच्या घरापुरतं इंग्रजी 'बी'पासून सुरू होत होतं.

तरी मी हिंमत सोडली नाही. मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. डिक्शनरीला ते अजून 'ती' म्हणत नाहीत, 'त्या' म्हणतात.

"सगळे शब्द?" मास्तर म्हणाले. "ऑक्सफर्डचा मोठा कोश आणा. त्यात नाही तो शब्दच नाही!"

या 'त्यात नाही तो शब्दच नाही'वर मी पुढे येणारच आहे. आधी ऑक्सफर्डचं बघू. मी चौकशी केली आणि मला वडिलांचा गोठा आठवला. जेम्स मरे नावाच्या एका शाळामास्तरांनी १८७९ साली या कोशाचं काम अंगावर घेतलं. ठरलं होतं की दहा वर्षांत काम उरकायचं. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग छापून आला तो 'ए'पासून 'ॲंट'पर्यंत. ॲंट म्हणजे मुंगी. काम तिच्याच पावलांनी चाललं होतं. मरेसाहेबांनी लोकांना आवाहन केलं होतं, की बाबांनो, वाचता वाचता शब्द दिसला की वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवून पाठवा. चिठ्ठ्यांचे ढीग आले. एक अमेरिकन डॉक्टर तर हजारोंनी चिठ्ठ्या पाठवायचा. तो खून करून वेड्यांच्या तुरुंगात राहणारा गृहस्थ होता, हे नंतर उजेडात आलं. त्याला वेळ भरपूर होता. त्याच्याही घरच्यांनी 'तुम्ही आतच असता ना?' असं विचारलं असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मरे १९१५ साली वारले, तेव्हा कोश पुरा झालेला नव्हता. तो पुरा झाला १९२८ साली. शब्द भरले ४,१४,८२५. दहा वर्षांचं काम एकोणपन्नास वर्षांनी संपलं. आणि संपलं म्हणजे काय? पाचच वर्षांनी, १९३३ साली, पुरवणी काढावी लागली. त्या पुरवणीत एक शब्द होता 'बॉंडमेड'. म्हणजे आपली बटीक. या शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्या, त्यामुळे 'बी'चा भाग तिच्याशिवायच छापला गेला आणि पुढे कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी ध्यानात आलं. राजे, उमराव, पाद्री सगळे आत, आणि बटीक तेवढी दाराबाहेर. यादीत राहून कोण जातं याचाही एक नियम असावा.

हे ऐकून मास्तर जरा खट्टू झाले. मग मी त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. तिथे उलटाच प्रकार झाला. १९३४ साली वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. सहा लाखांहून जास्त नोंदी. त्यांत एक शब्द होता 'डॉर्ड', अर्थ घनता. आता असा शब्द इंग्रजीत कधी कुणी उच्चारलाच नव्हता. झालं होतं असं, की रसायनशास्त्राच्या संपादकांनी १९३१ साली एक चिठ्ठी लिहिली: मोठा 'डी' ऑर छोटा 'डी', म्हणजे डेन्सिटी. दोन्ही 'डी' हे घनतेचं चिन्ह, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पुढच्याने 'डी', 'ऑर' आणि 'डी' सलग वाचलं आणि 'डॉर्ड' जन्माला आला. त्याला उच्चार मिळाला, व्याकरण मिळालं, कोशात घर मिळालं. १९३९ साली एका संपादकाला दिसलं, की या शब्दाला व्युत्पत्ती नाही, म्हणजे आई-बापच नाहीत, तेव्हा कुठे चौकशी झाली. पाच वर्षं हा शब्द बोगस रेशनकार्डावर साखर उचलत होता!

"थोडक्यात," मी मास्तरांना म्हणालो, "एका कोशात खरी बटीक नाही आणि दुसऱ्यात खोटा डॉर्ड आहे. आता मी नातवाला कुठली यादी देऊ?"

मास्तर म्हणाले, "चहा घ्या."

तोवर नातवाने आपली वाट शोधली होती. त्याला एक जुनी, कॉम्प्युटरवाल्यांच्या वापरातली यादी मिळाली होती. ही यादी कशाची असावी? तर त्याच १९३४च्या वेब्स्टरची! प्रकाशकाचा हक्क संपल्यावर कुणीतरी तिच्यातले शब्द यंत्रात भरून ठेवले, सुमारे २ लाख ३५ हजार, आणि तेव्हापासून ती यादी युनिक्सवाल्यांच्या यंत्रांतून जगभर फिरते आहे. नातू खूष. त्याने ती खेळात भरली आणि उद्घाटनाला मला बसवलं.

मी काय लिहिणार? मनात आलं ते लिहिलं. आमच्या कॉलनीचं नाव. यंत्राने त्याखाली लाल रेघ ओढली आणि बाजूला विचारलं, की तुम्हाला 'ॲरे' म्हणायचं आहे का?

"ॲरे म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"आमच्या भाषेत ओळीने मांडलेली यादी, आजोबा. एकाला लागून एक. नंबर लावून."

मी गप्प बसलो. ओळीने मांडलेली, एकाला लागून एक, नंबर लावून. आमच्या वडिलांनी आरेत आयुष्यभर दुसरं केलं काय? नेहरूंनी १९५१ साली आमच्या म्हशींचं उद्घाटन केलं आणि १९६२ साली त्यांनीच कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेत तयार झालेल्या संगणकाला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. गोठा आणि गणकयंत्र यांत एका मात्रेचं अंतर आहे हे त्यांना आधीच दिसलं असावं.

मग खेळाला सुरुवात झाली आणि पंचाईत कळली. नातवाच्या मित्राने काहीही अक्षरं जुळवावीत आणि यंत्राने म्हणावं, बरोबर! हा कुठला शब्द? तर कुठल्याशा शेवाळाचं नाव. हा? स्कॉटलंडमधलं मेलेलं क्रियापद. दोन लाख पस्तीस हजारांतले निम्मे शब्द भाकड. दावणीला आहेत, वैरण खातात, पण आज कुणाच्या तोंडात दूध घालत नाहीत.

हे कोडं आमच्या आधीही लोकांना पडलं होतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅक्इलरॉय नावाच्या गृहस्थांना शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रासाठी अशीच यादी करायची होती. त्यांची अडचण जागेची. तेव्हाच्या छोट्या यंत्रात ६४ किलोबाइट एवढीच जागा. आज मोबाइलवर काढलेला आपला एखादा फोटो तिच्यात बसायचा नाही, नुसता कानही बसायचा नाही. १९८२ साली त्यांनी सगळी हकीकत लिहून काढली. त्यांनी शब्दांची शेपटं छाटली, म्हणजे मागे लागणारे प्रत्यय आणि पुढे लागणारे उपसर्ग काढून मूळ शब्दच ठेवले, पिळून पिळून यादी बारीक केली आणि अखेर ३०,००० शब्द आत बसवले. पण त्यांच्या धंद्यातलं खरं शहाणपण पुढे आहे. जागा वाढली म्हणून यादी वाटेल तशी वाढवू नये. कारण यादी जितकी मोठी, तितकी चूक लपायला जागा जास्त.

उदाहरण आपल्याच भिंतीवर आहे. कॅलेंडर. स्पेलिंगच्या शेवटी 'डी-ए-आर' पाहिजे. आपल्यातले निम्मे लोक 'डी-ई-आर' लिहितात. पण 'डी-ई-आर'वालाही शब्द इंग्रजीत आहे! कापड किंवा कागद रुळांत दाबून गुळगुळीत करणारं यंत्र. मुंबईत गिरण्या चालत होत्या तोवर त्याला अर्थ होता. आता भोंगेही गेले. पण यादीत तो असला तर तुमची चूक यंत्राला दिसणारच नाही. ते म्हणेल, साहेबांना कापडाला तकाकी आणायची असेल!

म्हणजे यादी लहान केली तर खरे शब्द बाहेर राहतात आणि मोठी केली तर चुका आत शिरतात. वडिलांच्या वहीसारखंच झालं. भाकड मोजल्या तर आकडा फुगतो, सोडल्या तर घटतो, आणि खरा आकडा कुठला हे म्हशीला विचारावं तर ती रवंथ करते.

एवढं झाल्यावर मास्तर पुन्हा आपल्या मूळ मुद्द्यावर आले. "काही म्हणा, कुणीतरी दारात उभं राहून हा शब्द आणि हा नाही असं सांगायलाच हवं."

आता मला बोलणं भाग होतं. कारण असा एक दारात उभा राहणारा गृहस्थ माझ्या आयुष्यात येऊन गेला होता.

साल १९७६. माझी पहिली नोकरी. कचेरीचं नाव सांगत नाही, साहेबांचंही नाही. सहा महिन्यांनी कायम करणार होते. त्या कायम होण्यावर आमचं लग्न टांगलेलं. सासरेबुवांनी स्वच्छ सांगितलं होतं, 'कायमचं पत्र दाखवा, वैशाखात बार उडवू.' आणि नेमकं मला एक पत्र लिहायला सांगितलं. शुक्रवारची सभा अलीकडे ओढून बुधवारी घेतली आहे, एवढाच मजकूर. पुढे ढकलण्याला 'पोस्टपोन', तर अलीकडे ओढण्याला काय? मी बेधडक लिहिलं, 'प्रीपोन'. सगळी कचेरी बोलत होती तो शब्द!

साहेबांनी लाल पेन्सिल काढली. शब्दाभोवती गोल केला. नुसता गोल नाही, दोनदा गिरवलेला गोल. मला आत बोलावून कपाटातली डिक्शनरी माझ्यासमोर आपटली आणि म्हणाले, "दाखव!" मी शोधला. नव्हता. त्यांनी कागदावर शेरा मारला, की यांचं इंग्रजी कच्चं आहे, आणि माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली. वैशाखातलं लग्न मार्गशीर्षात गेलं. मी 'प्रीपोन' लिहिलं म्हणून माझं लग्न पोस्टपोन झालं!

आज हसतो. तेव्हा हसलो नव्हतो. सहा महिने मी इंग्रजीत एक वाक्य बोललो नाही. पत्रात जन्मभर पाठ केलेलीच वाक्यं लिहिली, पाटीवर अक्षरं गिरवावीत तशी. शब्द सुचला की आधी मनात ती लाल पेन्सिल दिसायची. आमच्या पिढीतल्या किती जणांच्या तोंडात शब्द आला आणि तिथेच विरघळला असेल, त्याची यादी कुणी केलेली नाही.

"बघ रे," मी नातवाला म्हणालो, "आहे का तुझ्या नव्या ऑक्सफर्डात?"

नातवाने बोट फिरवलं. होता. ऑक्सफर्डच्या कोशात 'प्रीपोन' रीतसर, अर्थासकट, हजर. मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही बरोबर होता, फक्त जरा लवकर."

"म्हणजे प्रीपोन," स्वयंपाकघरातून ही म्हणाली.

पण कोशकारांना अशी उशिरा का होईना जाग येते ती कशी? कोणी तरी आधी मोजावं लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस आणि कुचेरा या दोन प्राध्यापकांनी साठीच्या दशकात एक वेगळीच गंमत केली. कोश उघडून शब्द वेचायचे नाहीत. १९६१ साली अमेरिकेत छापून आलेला मजकूर घ्यायचा, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, धर्माची पुस्तकं, छंदाची मासिकं, कथा-कादंबऱ्या. प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० तुकडे. मिळून दहा लाख शब्द. ते यंत्रात भरायचे आणि कोण किती वेळा येतो ते मोजायचं. मोजल्यावर दिसलं, की शंभरांतले सात शब्द नुसते 'द' आहेत! आणि वेगवेगळ्या शब्दांतले जवळजवळ निम्मे दहा लाखांत एकदाच येऊन गेलेले. दूध देणाऱ्या म्हशी मोजक्या, बाकी गोठा पाहुण्यांचा.

मग इंग्लंडच्या इंग्रजीची तशीच मोजणी झाली. आणि तिसरी कुठे झाली असेल? ऑस्ट्रेलियात? कॅनडात? नाही हो, कोल्हापुरात!

चपलांचं कोल्हापूर, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं कोल्हापूर, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात देणारं कोल्हापूर. तिथल्या शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ सालचं, भारतात छापलेलं, भारतीय माणसांनी लिहिलेलं इंग्रजी गोळा केलं. माप तेच. २,००० शब्दांचे ५०० तुकडे, दहा लाख शब्द, ब्राउनच्या साच्याला साचा जुळवून. १९८६ साली काम पुरं होऊन बाहेर पडलं आणि नॉर्वेतल्या बर्गनमार्फत जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचलं. आजही परदेशातले विद्वान 'कोल्हापूर कॉर्पस' असं नाव घेतात. कॉर्पस म्हणजे शब्दांचा साठा. नॉर्वेच्या बर्फात बसून कुणी गोरा 'कोल्हापूर, कोल्हापूर' म्हणत असेल या कल्पनेनेच मला पान खावंसं वाटलं.

आता यातली मेख बघा. साल १९७८. म्हणजे माझ्या लाल गोलानंतर दोनच वर्षांनी. फोर्टात एक साहेब पेन्सिल घेऊन आमचं इंग्रजी कापत होते, आणि कोल्हापुरात काही मंडळी तेच इंग्रजी, जसं आहे तसं, अदबीने उचलून मोजायला घेत होती. त्यांनी 'हे चूक' म्हटलं नाही, 'हे बरोबर'ही म्हटलं नाही. म्हटलं एवढंच, की हे आहे. धारोष्ण दूध. न उकळलेलं, न गाळलेलं, समोर पिळलेलं. मला हे तेव्हा कळतं तर मी कोल्हापूरला जाऊन अंबाबाईची ओटी भरून आलो असतो.

आपल्याकडे याद्या आधीही झाल्या, नाही असं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवणारी ती यादी, सुमारे चौदाशे शब्दांची. महाराजांची आज्ञा, पण आज साडेतीनशे वर्षांनंतरही मराठी माणूस 'अर्ज' करतो आणि 'तारीख' मागतो, म्हणजे दोन्ही परकेच. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला तेव्हा शब्द ४०,०००, आणि १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ६०,०००. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ अशी वर्षं खपून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड बाहेर काढले, आणि १९५० साली पुरवणी आलीच. मोजणारा थांबतो, गोठा थांबत नाही.

हे सगळं नातवाला सांगत असताना खिडकीबाहेर कुंपणापाशी काहीतरी सळसळलं. आरेत सळसळलं की आम्ही आधी बिबट्या तर नाही ना ते बघतो. पण हे मुंगूस होतं. शेपटी फुगवून पेरूखालून ऐटीत गेलं.

"आजोबा, मंगूस!" नातू म्हणाला. तो इंग्रजी शाळेत जातो.

"हा इंग्रजी शब्द कुठून आला माहीत आहे?" मी विचारलं. "इथूनच. सतराव्या शतकाच्या अखेरीस साहेबाने आपलं 'मुंगूस' उचललं आणि तोंडाला जमेल तसं 'मंगूस' केलं. त्याला कुणी लाल गोल केला नाही. आणि बरं का, एका 'गूस'चे अनेक झाले की 'गीज' होतात, पण मंगूसचे 'मंगीज' होत नाहीत, 'मंगूसेस' होतात. मराठी आहे ते, इंग्रजी व्याकरणाला दबत नाही!"

नातवाने तपासलं. कोशात व्युत्पत्तीच्या जागी स्वच्छ लिहिलं होतं, 'मराठी'. त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. आजोबा घरीच असले तरी अगदीच वाया गेलेले नाहीत, असं काहीसं त्या नजरेत होतं.

त्या रात्री तो उशिरापर्यंत यंत्राशी बसला. सकाळी मला म्हणाला, "आजोबा, मी यादीचा नाद सोडला. म्हणजे यादी ठेवलीय, मधलीच, फार मोठी नाही. पण यादीत नसलेला शब्द आला तर आता लाल रेघ येणार नाही. यंत्र विचारील, 'हा शब्द मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का? अर्थ सांगा.' सांगितला की ते लिहून घेईल. पुढच्या वेळी चालेल."

मला एकदम त्या कचेरीतला तो दिवस आठवला. साहेब पेन्सिल खाली ठेवून म्हणाले असते, 'हा शब्द मला माहीत नाही. तुला माहीत आहे का?' तर? एवढं एक वाक्य. मी वैशाखात बोहल्यावर चढलो असतो, आणि कुणी सांगावं, चार वाक्यं इंग्रजीत बिनधास्त बोललोही असतो.

"पहिला शब्द कोण घालतंय?" नातवाने विचारलं. मी पुढे सरसावलो. पण ही पदराला हात पुसत आली, मला बाजूला सारून खुर्चीत बसली आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत तिने 'प्रीपोन' लिहिलं. यंत्राने अदबीने विचारलं, की अर्थ काय?

"आजी, अर्थ काय लिहू?" नातू म्हणाला.

हिने माझ्याकडे बघितलं. "लिही," ती म्हणाली, "जे यांना आयुष्यात कधी जमलं नाही ते."